नाव तारते म्हणजे काय?

आपल्या मराठीत 'नाव' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक नाव देवाचे, दुसरी नाव पाण्यावरची. कीर्तनात या दोहोंची गाठ कोणी घातली की ती पुन्हा सोडावी असे श्रोत्यांना वाटत नाही. भवसागर, पैलतीर, तारू, उतार हे शब्द आपल्या तोंडी इतके बसले आहेत की समुद्र कधीही न पाहिलेला नांदेड-लातूरकडचा वारकरीसुद्धा रोज समुद्राच्या गोष्टी बोलतो. आपल्याकडे पाणी म्हणजे नांदेडची गोदावरी, लातूरची मांजरा, निलंग्याकडची तेरणा. कंधारला तर राष्ट्रकूटांच्या काळच्या तलावालाच जगत्तुंग समुद्र असे नाव आहे. होडीत बसायचा प्रसंग आलाच तर तो पंढरीस, चंद्रभागेत. तेवढ्या अनुभवावर आपण म्हणतो की नाव तारते. म्हणतो ते खरेच आहे. परंतु कोणी समोर येऊन विचारले, "तारते म्हणजे नेमकं काय करते हो?" तर त्याला उत्तर देता आले पाहिजे.

या महिन्यात त्याच प्रश्नाचा थोडा विचार करू. आणि तो करताना कोकणच्या समुद्रावर घडलेली एक खरी गोष्ट डोळ्यांपुढे ठेवू.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईहून कोकणात जायचे म्हणजे आगबोटीने जायचे. त्या काळी स्वदेशीच्या भावनेने काही मंडळींनी आपल्या लोकांची अशी एक कंपनी काढली. लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. कंपनीने आपल्या बोटींना देवाधर्माची, साधुसंतांची नावे दिली. एकीचे नाव तुकाराम, एकीचे रामदास. ख्रिस्ती उतारूंसाठी त्यांच्या संतांची नावेही होती. हेतू चांगला होता. गरीब, भाविक माणूस बोटीच्या पाटीवर संताचे नाव वाचून निर्धास्त चढे.

११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळ झाले आणि जयंती व तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. पुढे वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, रामदास बोट बुडाली. देशाला स्वातंत्र्य मिळायला महिनाही उरला नव्हता. ही बोट इंग्लंडात टाईन नदीकाठच्या स्वान हंटर या नामांकित कारखानदारांनी १९३६ साली बांधलेली. सकाळी आठाच्या सुमारास ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढ अमावास्येचा सण, म्हणून गावी निघालेल्या लोकांची गर्दी. पाऊस, वारा, उसळता समुद्र. काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने बोट कलली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले, आणि पाहता पाहता बोट पाण्याखाली गेली. सहाशेच्या वर माणसे मेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता.

आता शंका अशी. ज्या तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीने तेरा दिवसांनी कोरड्या परत दिल्या असे आपली परंपरा सांगते, त्यांचेच नाव धारण केलेली बोट बुडावी? समर्थांचे नाव धारण केलेली बोट सहाशे जिवांसह तळाला जावी? मग नाव तारते या म्हणण्याचे काय झाले? नास्तिकाने ही शंका काढली तर आपण त्याच्यावर रागावतो. पण ही शंका त्या दिवशी किनाऱ्यावर बसून मुलाची वाट पाहणाऱ्या आईच्या मनात आली असेल. तिच्यावर रागवायचा अधिकार कोणाला आहे? तेव्हा रागाने नव्हे, विचाराने उत्तर शोधले पाहिजे.

काही जण चटकन म्हणतील, "ज्याचे त्याचे प्रारब्ध." हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते तपासून घ्यावे. त्याच्याकडे आपण मागाहून वळू. आधी त्या सकाळी पुढे काय झाले ते ऐका.

बोट बुडाली तेव्हा रेवसकडचे काही कोळी आपल्या होड्यांत मासळी भरून मुंबईच्या बाजाराकडे निघाले होते. वाटेत त्यांना पाण्यात तडफडणारी माणसे दिसली. होड्या लहान, त्या मासळीने भरलेल्या, समुद्र खवळलेला. भरल्या होडीत माणूस घ्यावा तर होडीच जायची. त्या कोळ्यांनी काय केले? त्यांनी ती सगळी मासळी समुद्रात फेकून दिली आणि तिच्या जागी माणसे घेतली. सुमारे ७५ जीव त्यांनी वाचवले.

वाचकहो, इथे थोडे थांबा. समुद्रातून कष्टाने काढलेले धन पुन्हा समुद्रालाच देऊन टाकायचे, ही कोळ्याच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हे. त्या टोपल्यांत त्याची दिवसाची मजुरी होती, घरातली चूल होती, कोणा सावकाराचा हप्ताही असेल. वारकऱ्याच्या घरी मासळी चालत नाही, म्हणून तिची किंमत आपल्याला चटकन कळायची नाही. त्याऐवजी आपल्या उदगीरच्या किंवा लातूरच्या बाजाराला तुरीची पोती घेऊन निघालेल्या शेतकऱ्याची गाडी डोळ्यांपुढे आणा. वर्षाचे पीक रस्त्यावर ओतून त्याने अनोळखी जखमी माणसे गाडीत घातली असे समजा. म्हणजे त्या मासळीचा भाव कळेल.

आपल्या मराठवाड्याला तर हा दाखला नवा नाही. पैठणच्या नाथमहाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. काशीहून गंगेची कावड भरून रामेश्वराला निघालेले नाथ. वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव. नाथांनी कावड सोडली आणि ते पाणी गाढवाच्या मुखी घातले. बरोबरची मंडळी हळहळली, की एवढ्या लांबून आणलेले पाणी वाया गेले. पण नाथांच्या मनाला ते रामेश्वरालाच पोहोचले होते. नाथांनी कावड रिकामी केली, कोळ्यांनी होडी रिकामी केली. एक प्रकांड पंडित, दुसरे अक्षरशत्रूही असतील. पण कृती एकच.

सिद्धांत इथून निघतो. जी नाव आधी रिकामी होते तीच तारते. रामदास बोटीच्या अंगावर संताचे नाव रंगाने लिहिलेले होते. त्यात लिहिणाऱ्याचा दोष नाही, पण ते लाकडा-लोखंडाच्या बाहेरच्या बाजूला होते. होडीतली मासळी बाहेर फेकायला लावणारे जे काही त्या कोळ्यांच्या अंतःकरणात उभे राहिले, ते नाव आतले होते. तोंडाने त्यांनी कोणाचे नाव घेतले हे आम्हाला ठाऊक नाही. घेतलेच नसेल, तेवढी सवडही नसेल. पण नामाने जे घडावयाचे असते ते तिथे घडले. 'माझे' म्हणून जे भरून ठेवले होते ते सुटले आणि त्या जागी दुसऱ्याचा जीव बसला. वह्या तरल्या आणि बोट बुडाली यात विरोध नाही. तुकोबारायांनी आपला संसार, मान, सावकारीचे कागद आधीच पाण्याला देऊन टाकले होते. ज्याचा असा भार उतरला आहे त्याचे शब्द पाणी बुडवीत नाही. नुसती पाटी लावून मात्र भार उतरत नाही. पाटी वाचून बोटीवर माणसे चढतात, एवढेच.

मागच्या माघात आमची दहा-बारा मंडळी, काही नांदेडची, काही लातूर-निलंग्याकडची, एका सप्ताहानिमित्त मुंबईस गेली होती. परत फिरण्याआधी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जाऊन यावे असे ठरले. वाट तासाभराहून थोडी जास्त. लाँचच्या कठड्याला अडकवलेल्या नारिंगी रंगाच्या गोल कड्या पाहून आमच्यातल्या एका आजींनी विचारले, "ह्या तुळशीच्या माळा कशाला एवढ्या मोठ्या?" सगळे हसले. पण बुडत्याच्या गळ्यात घालायच्या त्या माळाच, हे खलाशाने सांगितल्यावर आजींनी त्यांना हात लावून नमस्कार केला.

रेवसच्या धक्क्यावर जाळी विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला आम्ही विचारले, "बाबा, रामदास बोटीच्या वेळी माणसं वाचवली, त्यातली एखादी होडी ठेवली आहे का कुठं? दर्शन घ्यावं म्हणतो."

तो म्हणाला, "लाकडाची होडी ती, माउली. किती वर्षं टिकणार? झिजली की मोडायची, दुसरी घ्यायची. आमचं पोट तिच्यावर." मग जरा थांबून म्हणाला, "पण माणूस पाण्यात दिसला तर जाळं सोडून जायचं, हे अजून आहे."

आम्ही धक्क्यावर हिंडलो. अशी जपून ठेवलेली होडी आम्हाला दिसली नाही. मनात आले, हे बरे की वाईट? तारणारी नाव जपावी की नाही? इंग्लंडात त्यांनी जपली आहे. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाईन नदीच्या मुखाशी, १७८९ साली 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचे एक जहाज वाळूच्या पट्ट्यावर अडकून फुटले. जहाजावरचे खलाशी एकेक करून पाण्यात पडत होते आणि किनाऱ्यावर हजारो लोक उभे राहून पाहत होते. अंतर थोडे होते. पण त्या लाटांत जाईल अशी नाव कोणापाशी नव्हती. ते पाहणे लोकांना सहन झाले नाही. गावकऱ्यांनी बक्षीस लावून नव्या तऱ्हेच्या नावेचे नमुने मागवले आणि हेन्री ग्रेटहेड नावाच्या कारागिराने बुचाचे लाकूड लावलेली, दोन्ही टोकांना सारखीच निमुळती, म्हणून न वळवता मागे-पुढे हाकता येणारी नाव बांधली. तिच्यासारख्या आणखी नावा त्याने केल्या. त्यांपैकी १८०२ साली बांधलेली 'झेटलंड' ही रेडकार गावी गेली.

त्या नावेने ७८ वर्षांत पाचशेहून अधिक जीव वाचवले. वल्ही मारणारे कोण? गावचेच मासेमार. १८६४ साली नाव फुटली, तेव्हा ती मोडीत काढायचे ठरले. पण गावकरी आडवे आले. ज्या नावेने आमच्या डोळ्यांदेखत माणसे आणली ती मोडू देणार नाही म्हणाले. नाव राहिली. आणि गंमत अशी, बरं का, की १८८० सालच्या वादळात दुसरी नाव कामास येईना, तेव्हा हीच म्हातारी नाव पुन्हा पाण्यात लोटली गेली आणि माणसे घेऊन परत आली. जुन्या बचाव-नावांपैकी जगातली सर्वांत जुनी शिल्लक नाव तीच. रेडकारला समुद्रासमोरच्या एका जुन्या नावघरात ती ठेवली आहे. लोक जाऊन पाहतात. आणि त्याच गावात आजही समुद्रावर जाणारी नवी बचाव-नाव आहे, तिचे खलाशी आजही स्वेच्छेने जाणारे आहेत. या कामासाठी १८२४ साली तिथे जी संस्था निघाली ती लोकांच्या देणग्यांवर चालते. २०२४ साली तिला दोनशे वर्षे झाली, तोवर १,४६,००० हून अधिक माणसे तिने वाचवली होती.

म्हणजे जपणे वाईट नव्हे. मात्र जपण्याचे दोन प्रकार आहेत. एक, कुलपात ठेवून दिवा लावणे. दुसरा, वेळ आली की बाहेर काढता येईल असे ठेवणे. वारकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपण संतांच्या पादुका जपतो, पण त्या नुसत्या पेटीत ठेवत नाही. दर आषाढीला त्या पालखीत बसतात आणि आपल्याबरोबर निघतात. आळंदी-देहूहून, पैठणहून, गावोगावाहून त्या पाऊस-चिखल तुडवीत पंढरीला जातात. चालणाऱ्या पादुका आणि पुन्हा पाण्यात उतरणारी नाव एकाच जातीच्या. परंतु त्या पालखीच्या वाटेवर एखादा थकलेला म्हातारा बसला असेल आणि दिंडीचा नंबर चुकेल म्हणून आपण त्याला ओलांडून पुढे गेलो, तर मग आपल्या खांद्यावर काय उरले? नुसते लाकूड.

आता प्रारब्धाकडे येऊ. १७८९ साली किनाऱ्यावर उभ्या असलेल्या हजारोंना असे म्हणता आले असते की खलाशांचे प्रारब्ध, आपण काय करणार? रेवसच्या कोळ्यांनाही म्हणता आले असते. शास्त्राने प्रारब्ध सांगितले आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण प्रारब्ध हा शब्द कोणी कोणासाठी वापरावा, याला मर्यादा आहे. आपल्यावर दुःख आले तर ते सोसण्याकरिता तो शब्द आहे. दुसऱ्यावर दुःख आले असता आपण बसून राहण्याकरिता तो नाही. बुडणाऱ्याचे प्रारब्ध बुडण्याचे असेल, तर तुम्ही नेमके त्या वेळी त्या काठावर उभे होता, तुमच्या हातात दोर होता, हे कोणाचे प्रारब्ध? ते तुमचे. देवाने तुम्हाला तिथे का उभे केले याचे उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे. त्याचे खाते वाचत बसण्यात तुमचे खाते कोरे राहते.

कोणी म्हणेल, "हे सगळे समुद्रकाठच्यांना. नांदेड-लातूरच्या कोरड्या मुलखात आम्ही कोणाला कुठल्या पाण्यातून काढणार?" त्यांना एवढेच सांगतो की तारणारी नाव दर वेळी लाकडाचीच असते असे नाही. २०१६ साली लातुरात नळाला पाणी उरले नाही, घागरींवरून भांडणे होऊ लागली, तेव्हा १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. लोकांनी तिला 'जलदूत' म्हटले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. कृष्णेचे पाणी मांजरेच्या मुलखाला मिळाले. त्या पाण्यात नाथांच्या कावडीतला थेंब होता असे आम्ही म्हटले तर चुकणार नाही. आणि पाणी नाही म्हणून रडणाऱ्या याच मुलखात ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एवढा पाऊस झाला की लेंडी धरणाच्या परिसरातली रावणगाव, हसनाळ ही गावे पाण्याने वेढली. माणसे दगावली, दावणीची गुरे दावणीलाच गेली. तेव्हा बोटी आल्या, बचाव पथके आली, जवान आले. कधी समुद्र न पाहिलेल्या आयाबायांनी लेकरे त्या बोटीत दिली. भवसागर हा शब्द त्या दिवशी त्यांना दृष्टांताने समजवावा लागला नसेल.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, ३० सप्टेंबर १९९३ ला, पाण्याचा प्रश्न नव्हता, दगडमातीचा होता. तिथेही दूरदूरची माणसे हातातले काम टाकून ढिगारे उपसायला धावली. प्रत्येकाने काहीतरी मागे टाकले होते, तेव्हाच त्याचे हात रिकामे झाले. भरल्या हातांनी ढिगारा उपसता येत नाही.

तेव्हा 'नाव तारते म्हणजे काय करते' याचे आम्हाला सुचलेले उत्तर असे. ते आधी आपल्याला रिकामे करते. मी, माझे, माझा मान, माझा नंबर, माझी सोय, हा माल ते एकेक करून बाहेर टाकायला लावते. आणि जी जागा मोकळी होते ती आपल्याला आराम करायला नसते, पाण्यातल्या माणसासाठी असते. नाम घेऊन वर्षे झाली, तरी कोणासाठी जागा झाली नाही, असे असेल तर नाम खोटे नव्हे. होडीतला माल अजून हलला नाही, एवढेच. आणि रामदास बोटीवरच्या मृतांविषयी म्हणाल, तर ते का गेले याचा हिशेब आम्ही मांडू शकत नाही, मांडूही नये. पंचाहत्तर का वाचले, हे मात्र सांगता येते. कोणीतरी मासळी फेकली म्हणून.

यंदाच्या वारीला निघण्यापूर्वी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. चंद्रभागेला पाणी असताना, दर्शनाची घाई असली तरी, होडीत भाराहून जास्त माणसे चढू नयेत, नावाड्याला चढवू देऊ नयेत. दिंडीबरोबर एक चांगला लांब दोर असावा आणि पोहणारी चार तरुण मुले स्नानाच्या वेळी काठावर उभी राहावीत. त्यांचे स्नान मागाहून झाले तरी पांडुरंग रुसणार नाही. पुंडलिकासाठी तो विटेवर थांबला, या मुलांसाठीही थांबेल. लहान मुलामुलींना पोहायला शिकवावे, ते शिक्षण पारमार्थिक नाही असे समजू नये. आणि गावी कोणावर संकट आले तर प्रारब्धाचा शब्द तोंडात येण्याआधी आपले हात भरलेले आहेत की रिकामे, हे एकदा पाहावे. भरलेले असतील तर हातातले खाली ठेवावे, आणि मग धावावे.

रामकृष्णहरी.